बिनहरकत मैदान

माझ्या बाबांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, आणि तेही तीन शब्दांवर. "हरकत नाही. पुन्हा." क्लच झटक्यात सोडून गाडी बंद पाडली, हरकत नाही, पुन्हा. ब्रेक समजून भलतंच काही दाबलं, हरकत नाही, पुन्हा. रिव्हर्स घेताना कुणी पिंप आडवं केलं तर बाबा स्वतः उतरायचे, पिंप उभं करायचे, त्याला पडलेला पोचा हाताने चाचपायचे, परत येऊन शेजारच्या सीटवर बसायचे आणि तेच म्हणायचे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं पाटीवरचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. सगळे 'हरकत-नाही मास्तरांचं मैदान' असंच म्हणतात.

मैदान नगरपालिकेचं, बाबांना भाड्याने दिलेलं. एका टोकाला मातीचा चढ आहे, तो बाबांनी स्वतः भराव टाकून केलाय, कारण गाडी मागे न घसरू देता चढावर उचलायची ही निम्मी विद्या. मधे पांढऱ्या फक्कीच्या रेषा. त्या रोज पुसल्या जातात आणि रोज सकाळी आम्ही नव्याने मारतो. कडेला लाल-पांढरी रंगवलेली पिंपं. पलीकडच्या कोपऱ्यात आठचा आकडा. त्या आठवरून एकदा गंमत झाली होती. बाबांनी "आठ काढा" म्हटलं आणि एका नवख्या शिक्षिकाबाईंनी शाळेत फळ्यावर काढतात तसा मराठी आठ काढला. खाली आल्या, वळल्या, आणि शेपटी ओढत फाटकातून थेट रस्त्यावर. बाबा शेजारी बसूनच होते. भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी गाडी थांबल्यावर त्यांना म्हणाले, "हरकत नाही. पुन्हा. आता इंग्रजी."

आता मीही तिथेच शिकवते. एका गाडीत बाबा, दुसरीत मी. पण मी बाबांसारखी नाही. माझ्या पायाशी जादा ब्रेक आहे, तोंडाला मात्र एकही नाही. बायका म्हणतात, गाडी मास्तरांकडे शिकावी आणि शिस्त ताईंकडे. म्हणोत. माझ्याकडे शिकलेली बाई भर चौकात हॉर्नला घाबरून रडत नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

बाबांचं हे 'हरकत नाही' मैदानापुरतं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण त्यांना जगात कशाचीच हरकत नव्हती. काकांनी आमची पुढची खोली दुकानासाठी मागितली, हरकत नाही. शिंप्याने सदऱ्याची एक बाही आखूड शिवली, हरकत नाही, आणि तो सदरा बाबा विटेपर्यंत घालून हिंडले. आई म्हणते, "घरात चोर शिरला तर हे त्याला कपाटाची किल्ली शोधून देतील, वर दिवा धरतील." आम्ही हसायचो. मी मात्र पुरती हसत नव्हते. त्याला कारण होतं.

माझं लग्न मोडलं त्या दिवशी नवऱ्याने मला बॅगेसकट मैदानाच्या फाटकाशी आणून सोडलं होतं. शिकणाऱ्या चार बाया बघत होत्या. तो बाबांना म्हणाला, "तुमची मुलगी तुम्हीच ठेवून घ्या. मला नको." मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. निदान एक पिंप तरी उचलून त्याच्या गाडीवर घालेल. बाबा म्हणाले, "हरकत नाही." बस. माझी बॅग उचलली आणि ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीकडे चालू लागले. ते दोन शब्द तेव्हापासून माझ्या घशात काट्यासारखे अडकून बसले होते. त्यांच्याशी एकदाही त्यावर बोलले नव्हते, पण विसरले तर मुळीच नव्हते.

अशात शहरात नवीन वारं सुटलं. आसपासच्या सगळ्या गावांना मिळून एका मोठ्या कंपनीचं एकच व्यापारी संकुल, कपड्यांपासून कुलपांपर्यंत सगळं एका छताखाली, आणि ते आपल्याच शहरात यावं म्हणून नगरपालिका नुसती हातघाईवर आली होती. जागा तीन निघाल्या. एक, स्टेशनामागचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. दुसरी, बायपासजवळची वीटभट्टी. तिसरी आमचं मैदान. बर्फवाल्या जागेच्या बाजूने निम्मे नगरसेवक, वीटभट्टीच्या बाजूने उरलेले. रोज पेपरात एकमेकांची उणीदुणी. आमच्या मैदानाचं नाव कुणी मोठ्याने घेतही नव्हतं, म्हणून मीही निवांत होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याकडे कशा नजरा वळतात, हे मला कळायला हवं होतं.

एके दिवशी नगर अभियंता जीप घेऊन जागा बघायला आले. मी चढावर होते, शेजारी एक परिचारिका घामाघूम होऊन हँडब्रेक सोडायचा की नाही या विचारात. त्यामुळे जे घडलं ते मी लांबून पाहिलं. साहेबांनी फाटकातून जीप आत घेतली, वळवायला म्हणून मागे घेतली, आणि आमचं कोपऱ्यातलं पिंप दाणकन आडवं केलं. धूळ उडाली. साहेब उतरले, ओशाळले, कपाळाला हात लावून काहीतरी बोलू लागले. बाबा पिंप उभं करत होते. हातवारे झाले, साहेबांनी मैदानाकडे बोट फिरवलं, बाबांनी मान डोलावली. मग साहेब जीपमध्ये बसले आणि बाबा मागे उभं राहून त्यांना हाताने खुणा करत राहिले, आरसा बघा, डावीकडे, अजून डावीकडे. या खेपेला पिंप वाचलं.

"काय म्हणत होते?" मी नंतर विचारलं.

"काही नाही. जागा बघायला आले होते. गाडीला घाबरतात जरा. आरसा बघत नाहीत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेपरात मोठ्या अक्षरांत आलं. संकुलासाठी मैदानाला पसंती, आणि खाली, जागा वापरणाऱ्यांची हरकत नाही. आईने तो पेपर चहाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला आणि काही न बोलता आत गेली. आई न बोलता आत गेली की समजावं, काहीतरी भयंकर आहे. मी वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैदान गेलं म्हणजे शाळा गेली. मैदान नसेल तर ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना राहत नाही, हे साधं आहे. शहरात दुसरं एवढं मोकळं मैदान नाही, हेही तितकंच साधं आहे. बाबांना दुसरं काही येत नाही. मलाही नाही.

"बाबा, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

बाबा पेपर लांब धरून वाचत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "अगं, ते माफी मागत होते. पिंपाची. आणि मधेच म्हणाले, इथे संकुलाचं चाललंय, तुमची काही... आणि मी पिंपाकडे बघत होतो..."

"आणि तुम्ही म्हणालात."

"पिंपाला म्हणालो गं मी."

मी सरळ नगरपालिकेत गेले. अभियंत्यांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि टेबलावर कंपनीने दिलेला संकुलाचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवलेला होता. छोटी हिरवी झाडं, छोटी माणसं, आणि समोर गाड्या लावायला ऐसपैस जागा. त्यात बोटभर लांबीच्या गाड्या चिकटवलेल्या, निम्म्या रेषेवर, एक तर चक्क आडवी. आमच्या मैदानावर गाड्याच लावणार होते. मला हसावं की नमुना खिडकीतून बाहेर भिरकावावा ते कळेना.

"साहेब, बाबा पिंपाला म्हणाले होते. तुम्हाला नाही."

"ताई, त्यांनी स्वच्छ सांगितलं, हरकत नाही. मी विचारलं, त्यांनी सांगितलं."

"ते सगळ्यांनाच सांगतात! त्यांच्या पायावरून चाक गेलं तरी तेच सांगतील!"

"मग तसं मी लिहू का, की हे सगळ्यांनाच सांगतात?" साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना घाई होती. "हे बघा. कंपनीला जागा बिनहरकत पाहिजे. बर्फवाल्यांचा भाऊबंदकीचा वाद आहे. वीटभट्टीवाला रोज नवं काहीतरी मागतो. तुमचीच जागा तेवढी बिनहरकत निघाली. आता तुमचं म्हणणं असेल तर सभेत मांडा. पण तुम्ही नाही. परवाना मास्तरांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः उभं राहून हरकत आहे म्हणायला हवं."

"म्हणतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेही बाबांकडेच शिकले होते. "मास्तर?" एवढंच म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांनी माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

घरी येऊन मी शिकवणी सुरू केली. बाबांना समोर खुर्चीवर बसवलं. आई दारात भाजी निवडत, परीक्षकासारखी.

"म्हणा, हरकत आहे."

"हरकत..." बाबा थांबले. घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघायला जायचं नाही. हरकत आहे."

"आमचं असं म्हणणं होतं, की शक्य असल्यास..."

"गाडी बंद पडली!" आई दारातून ओरडली.

"हरकत नाही, पुन्हा," बाबा आपसूक म्हणाले, आणि आईने कपाळावर हात मारला.

तासभर हे चाललं असेल. बाबा 'हर' म्हणायचे, 'कत' म्हणायचे, आणि पुढचा शब्द आला की त्यांची जीभ सवयीच्या रस्त्याला लागायची. मला आधी हसू येत होतं. मग ते गेलं आणि खाली जे साचलेलं होतं ते वर आलं.

"तुम्हाला यायचंच नाही ते," मी म्हणाले. "तुम्हाला कशाचीच हरकत नसते. मला फाटकाशी आणून टाकलं तेव्हासुद्धा नव्हती. चार बायांपुढे तो मला नको म्हणाला, आणि तुम्ही हरकत नाही म्हणालात. मैदानाचं काय घेऊन बसले मी. पोटच्या पोरीसाठी तुमच्या तोंडून निघालं नाही, ते मातीसाठी कुठून निघणार?"

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पण मला हरकत नव्हतीच," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी!"

"अगं, तो म्हणाला, तुम्ही ठेवून घ्या. मला काय हरकत असणार? तुझ्या लग्नानंतर मी रोज सकाळी फक्की मारताना फाटकाकडे बघायचो. तू आलीस. त्याला वाटलं तो मला शिक्षा करतोय. मला ती बॅगसुद्धा नको होती, तू हवी होतीस." त्यांनी चष्मा काढला, उगाच पुसला. "तू इतके दिवस हे मनात धरून बसलीस? मला सांगायचंस ना."

आई म्हणाली, "दोघंही सारखीच. एक बोलत नाही आणि दुसरी सोडत नाही," आणि पदराने डोळे टिपत आत गेली. मी बाबांच्या पायाशी बसले, लहानपणी बसायची तशी. इतका राग इतके दिवस मी कशावर पोसला होता, याचं मला हसूही आलं आणि रडूही.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "चल. पुन्हा घे माझं."

पण त्या दिवशी काही जमलं नाही.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. अर्धवर्तुळात नगरसेवक, वर उंच खुर्चीत नगराध्यक्षा, एका बाजूला कंपनीचा माणूस, आणि मधल्या टेबलावर तोच पुठ्ठ्याचा नमुना. मागच्या बाकांवर मी, आई आणि बाबा. बाबांनी तो आखूड बाहीचा सदरा घातला होता, का कुणास ठाऊक. आई कानाशी येऊन म्हणाली, "दुसरा इस्त्री करून ठेवला होता मी. हाच घातला." मी सभागृहभर नजर फिरवली. नगराध्यक्षा आमच्याकडे शिकलेल्या, रिव्हर्समध्ये नापास होऊन होऊन पास झालेल्या. बर्फवाल्यांचे पुढारी आमच्याकडे शिकलेले. वीटभट्टीवालेही. या सगळ्यांना पहिल्यांदा ज्याने हायवेवर नेलं तो माणूस माझ्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसला होता.

आधी नेहमीची जुंपली. बर्फवाले म्हणाले, स्टेशन जवळ, गिऱ्हाईक पायी येईल. वीटभट्टीवाले म्हणाले, पायी येणारं गिऱ्हाईक काय फ्रीज डोक्यावर घेऊन जाणार? हशा झाला. कोणीतरी कोणाच्या सासऱ्याच्या जमिनीचा विषय काढला आणि बाकं वाजली. कंपनीचा माणूस उठला, गोड हसला आणि म्हणाला, "आम्हाला शहराच्या राजकारणात पडायचं नाही. आम्हाला फक्त बिनहरकत जागा द्या. नाहीतर शेजारचं शहर आम्हाला रोज फोन करतंय."

शेजारच्या शहराचं नाव निघाल्याबरोबर सभागृह गार पडलं. दोन्ही बाजूंना एकदम सुचलं की आपण हरलो तरी चालेल, समोरचा जिंकता कामा नये. अभियंत्यांनी अहवाल वाचला. मैदान मोकळं आहे. मैदान सपाट आहे. मैदान वापरणाऱ्यांची हरकत नाही.

मी ताडकन उभी राहिले. "आहे!"

"ताई, परवानाधारक कोण?" नगराध्यक्षांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. "मास्तर, तुम्ही या. माइकशी या."

बाबा उठले. बाकांमधून वाट काढत पुढे गेले. पाठमोरे बाबा मला इतके लहान कधी दिसले नव्हते. सभागृहाच्या शिपायाने माइक त्यांच्या तोंडाशी वर ओढला, तर माइक असा किंचाळला की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"माफ करा हं मास्तर," शिपाई ओशाळून म्हणाला.

"हरकत नाही," बाबा म्हणाले. माइकमध्ये. सगळ्या सभागृहाला खणखणीत ऐकू गेलं.

हास्याचा नुसता स्फोट झाला. नगराध्यक्षासुद्धा हसल्या. कंपनीचा माणूस तर टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" कुणीतरी ओरडलं. "झालं तर मग! घ्या मतं!" आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी डोळे मिटले. संपलं होतं. माझा बाप जसा होता तसाच राहणार होता, आणि उद्यापासून त्याने उठून कुठे जायचं?

"मैदानाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," नगराध्यक्षा म्हणाल्या.

हात वर होऊ लागले. बर्फवाल्यांचे, वीटभट्टीवाल्यांचे, एकमेकांकडे न बघता. मी डोळे उघडले ते हात बघायला, आणि मला दिसलं की बाबा अजून माइकपाशीच आहेत. सगळ्यांना वाटलं होतं ते जागेवर परत गेले. ते हललेच नव्हते. वर झालेल्या हातांकडे बघत होते. एक एक चेहरा बघत होते. मैदानात नवखा शिकणारा गाडी चुकीच्या गिअरमध्ये घालतो तेव्हा ते असेच बघतात, रागाने नाही, नीट.

"हरकत आहे," बाबा म्हणाले.

फार हळू म्हणाले. पण माइक चालू होता.

"काय म्हणालात मास्तर?" नगराध्यक्षांनी पुढे वाकून विचारलं.

"हरकत आहे," बाबा म्हणाले. या खेपेला खिडक्यांनी ऐकलं. "माइकची नाही. माइकची हरकत नाही. पिंपाचीही नव्हती. मैदानाची आहे."

कंपनीचा माणूस हसत पुढे झाला. "मास्तर, तुमची अडचण समजते. आम्ही तुम्हाला शहराबाहेर पर्यायी जागा बघून देऊ."

"हरकत आहे."

"बरं, मग संकुलात एखादा गाळा..."

"हरकत आहे."

"तुम्ही आधी ऐकून तर घ्या..."

"ऐकायलाही हरकत आहे," बाबा म्हणाले, आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी शिट्टी मारली. बाबांचा आवाज आता हळू नव्हता. त्यांना ते शब्द उच्चारायला आवडू लागले होते, हे मला लांबूनही दिसत होतं. "तुम्ही अहवालात म्हणता मोकळं मैदान. मोकळं आहे म्हणून तर लोक तिथे चुकतात. चुकायला जागा लागते. रस्त्यावर चुकून कसं चालेल? तुम्ही सगळे तिथे चुकलात. मी कुणाला कधी काही बोललो? आज बोलतो. आज तुम्ही चुकताय." मग त्यांनी हाताने खालची खूण केली, मैदानात करतात तशी, गाडी थांबवा म्हणून. "हात खाली. पुन्हा."

आणि खरं सांगते, निम्मे हात आपोआप खाली आले. त्या माणसांनी ते ठरवून खाली घेतले नसावेत. ते 'पुन्हा' त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

सभागृहात एकच गलका उठला. कंपनीचा माणूस नगराध्यक्षांच्या कानाशी लागला. त्यांनी त्याला हाताने लांब केलं. "तुम्हाला जागा बिनहरकत पाहिजे होती ना?" त्या म्हणाल्या. "ही तशी राहिली नाही. मास्तरांची हरकत नोंदवा. मैदान यादीतून काढा. उरलेल्या दोन जागांवर बोला." आणि माइक बाजूला करून, पण मी पुढे धावत आले होते म्हणून मला ऐकू आलं, बाबांना म्हणाल्या, "मास्तर, रिव्हर्स अजून नीट येत नाही मला." बाबा म्हणाले, "या की मैदानावर."

बर्फवाले आणि वीटभट्टीवाले पुन्हा एकमेकांच्या उरावर बसले. त्यांचं अजूनही चालू आहे. शेजारच्या शहराला फोन गेला की नाही मला माहीत नाही, आणि कंपनी कुठे गेली याच्याशी मला काही देणंघेणं नाही. आम्ही तिघं बाहेर पडलो. पायऱ्यांवर शिपाई भेटला, बिचारा पुन्हा माफी मागू लागला. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, काही बोलले नाहीत. मला वाटतं, आता ते शब्द जपून वापरायचे त्यांनी ठरवलं असावं.

गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, आई मागे. आई एकसारखी "ऐकायलाही हरकत आहे" म्हणून बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो. मी बाबांकडे पाहिलं. आखूड बाहीतून त्यांचं मनगट बाहेर आलं होतं आणि ते समोर बघत अगदी शांत बसले होते. मला काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले, समोरचं सगळं पुसट झालं, दिवा हिरवा झाला आणि माझा क्लच झटक्यात सुटला. गाडीने आचका दिला आणि भर चौकात बंद पडली. माझी. जी बायकांना या गोष्टीवरून ओरडते तिची.

मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळी रांग. कुणीतरी खिडकीतून हात काढून मला काहीतरी बोललं. मी किल्ली चाचपत होते, ती सापडेना. मी बाबांच्या त्या दोन शब्दांची वाट बघत होते. मला ते हवे होते.

बाबांनी काच खाली केली. अर्धं अंग बाहेर काढलं, मागच्या सगळ्या रांगेकडे तोंड केलं, आणि उभ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हरकत आहे! मुलगी आहे माझी!"

हॉर्न थांबले. बाबा आत आले, काच वर केली, सदऱ्याची बाही ओढून सारखी केली.

"पुन्हा," मला म्हणाले.